मदत हवी आहे: प्लेनस्केप टॉर्मेंट परत खेळतोय, स्टॅट्स (पात्राचे गुण) कसे वाटू?

कॉलेजात असताना मित्राच्या सीड्यांवरून प्लेनस्केप टॉर्मेंट (१९९९ चा, ब्लॅक आइल कंपनीचा कॉम्प्युटर गेम) खेळलो होतो. तेव्हा अक्कल नव्हती, सगळे पॉइंट ताकदीत घातले आणि दिसेल त्याला बडवत सुटलो, मग कर्स्ट नावाच्या गावाच्या पुढे जो अडकलो तो अडकलोच, गेम अर्धाच राहिला. आता २०१७ ची एनहान्स्ड एडिशन (सुधारित आवृत्ती) घेतलीय. शवागारात जाग येते, ती तरंगणारी कवटी मॉर्ट बडबड करायला लागते, अंगावर काटाच आला राव, इतक्या वर्षांनी!

तर विचारायचं असं की सगळे स्टॅट्स ९ वर असतात आणि वाटायला २१ पॉइंट मिळतात, ते विस्डममध्ये (शहाणपण) जास्त घालू का इंटेलिजन्समध्ये (बुद्धी)? जुन्या आठवणी परत येणं आणि भारी डायलॉग विस्डमवर अवलंबून असतात हे माहितीये, पण मला मेबेथ म्हातारीकडून जादू शिकून मेज (जादूगार) पण व्हायचंय. आणि सोबती डाक्कॉनकडचं ते झर्थिमॉनचं चक्र (त्याच्या शिकवणुकीची दगडी चकती) पूर्ण उलगडायला दोन्हीपैकी काय आणि किती लागतं? मागच्या वेळी त्याच्याशी धड बोललोच नव्हतो, म्हणजे गेमचा निम्मा जीव तिथेच घालवला.

कर्स्टनंतर मारामारी फार आहे, तिथे मेज टिकतो का? कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा टिकाऊपणा) अगदी ९ वर ठेवलं तर चालेल?

शेवट कृपया कोणी सांगू नका, इतकी वर्षं जपलाय 😅