मदत हवी आहे: एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी की नेट-सेट?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या शेवटच्या सत्रात आहे. तिला प्राध्यापक व्हायचंय, पण नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) होऊनही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणारे ओळखीत आहेत, त्यामुळे घरचे धास्तावलेत. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पीएच.डी.ची वाट मोकळी. पण तोवर काय?

कुरकुंभ किंवा तारापूरच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीच्या क्यूसीत लागून, शिफ्ट सांभाळत अभ्यास खरंच जमतो का? फ्रेशरला मुलाखतीत एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नेमकं काय विचारतात? कॉलेजात तिला ते यंत्र जेमतेम दोनदा हाताळायला मिळालं. महिनाभराचा खासगी कोर्स उपयोगी पडेल का? फी बरीच आहे आणि बाबांचं उत्पन्न शेतीवरचं.

तिथे नोकरी केलेल्या मुलींनी राहण्याच्या सोयीबद्दलही जरूर सांगा.