कायोटीसाठी लांब पल्ल्याची रायफल: दुकानातली घ्यावी की घडवून घ्यावी?

माळरानी (शायेन, वायोमिंग)

चार वर्षं झाली, शायेनच्या पूर्वेला एका म्हाताऱ्या रँचवाल्याच्या कुरणात कायोटी मारायला जातो. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की त्याचा फोन येतोच. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कायोटी आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून बराच लहान. वजन दहा ते वीस किलो, त्यातही निम्मे केस वाटावेत असा.

माझ्याकडे .२२-२५० काडतुसाची रायफल आहे, सेकंड हँड घेतलेली, गोळी ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). अडीचशे यार्डांपर्यंत तक्रार नाही. पण जे एकदा कॉलर (भक्ष्याचा आवाज काढणारं साधन) ऐकून फसले आणि वाचले, ते आता ४००-५०० यार्डांवर टेकाडावर बसून बघत राहतात. त्यांच्यासाठी नवी रायफल हवी. दोन वाटा दिसतात. दुकानातली चांगली बाराशे डॉलरच्या आसपास. नाहीतर इथला गनस्मिथ (बंदुकी बांधणारा कारागीर) रेमिंग्टन ७०० रायफलीच्या मापाची कस्टम ॲक्शन (काडतूस आत घेऊन बंद करणारी यंत्रणा) आणि मॅच बॅरल, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची नळी, लावून देतोय. स्कोप सोडून पाच हजार, थांबायचं आठ महिने. मन कस्टमकडे झुकलंय. मतं द्या.

लेथवाला (बॉइझी, आयडाहो)

डोळे मिटून कस्टम. चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) कापताना तू कुठली गोळी मारणार हे धरून थ्रोट, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा बॅरलचा भाग, ठेवता येतो. स्टॉक (दस्ता) तुझ्या खांद्याच्या आणि गालाच्या मापाचा. कारखान्याला लाखोंसाठी एकच माप काढायचं असतं. रेडिमेड शर्ट आणि शिंप्याकडचा शर्ट यात जो फरक, तोच इथे. मी स्वतः दोन बांधून घेतल्या. दोन्ही शंभर यार्डांवर अर्ध्या इंचात गोळ्या घालतात, मी चुकलो तरच बाहेर.

नाना टेक्सासकर

लेथवाले, "मी चुकलो तरच" या तीन शब्दांतच सगळं आलं की!

हिशेब मांडू. एमओए हे नेमाच्या अचूकतेचं कोनातलं माप. एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, पाचशेवर पाच. कायोटीच्या छातीत नेम धरायची जागा पाच-सहा इंचांची. फॅक्टरीची एक एमओएची रायफल पाचशेवर गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात टाकते, तुमची अर्ध्याची अडीच इंचांच्या. म्हणजे मध्यापासून सव्वा इंचाचा फायदा. त्यासाठी जास्तीचे चार हजार डॉलर?

आता वारा घ्या. .२२-२५० मधून ५५ ग्रेनची गोळी सुटली आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला, तर पाचशे यार्डांवर ती तीन फुटांहून जास्त सरकते. वारा ओळखण्यात तीन मैलांची चूक झाली, आणि ती भल्याभल्यांची होते, तर गोळी फूटभर बाजूला. सव्वा इंच कमवायचा आणि फूट घालवायचा! दुकानातली टिक्का टी३एक्स रायफल घ्या, कारखानाच तीन गोळ्यांच्या एक एमओएची हमी देतो. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घ्या आणि वाऱ्यात मारत बसा.

लेथवाला

नाना, तुमच्याच हिशेबाने तुम्ही माझा मुद्दा सिद्ध केलात. वारा मोठा शत्रू ना? मग वाऱ्याला दाद न देणारी गोळी हवी. तशी गोळी लांब आणि जड असते, आणि लांब गोळी स्थिर फिरायला बॅरलमधल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. जुन्या फॅक्टरी .२२-२५० मध्ये पीळ १:१४ (चौदा इंचांत एक फेरा) नाहीतर १:१२. त्यातून ८० ग्रेनची गोळी मारली तर ती कोलांट्या खात जाते, कागदावर आडवं भोक पडतं. बांधून घेताना १:८ सांगितलं की झालं.

नाना टेक्सासकर

पिळाचं शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी गनस्मिथ कशाला? बर्गारा, हॉवा, रुगर या कंपन्यांनी ६ मिमी क्रीडमूर काडतुसाच्या घट्ट पिळाच्या रायफली दुकानात आणून वर्षं झाली. १०८ ग्रेनची गोळी, तोच दहा मैलांचा वारा, तेच पाचशे यार्ड: सरकते साधारण सोळा इंच. तीन मैलांची चूक झाली तर पाच इंच. आता कुठे तुमचा सव्वा इंच मोजायच्या लायकीचा झाला.

माळरानी

नाना, एक दुरुस्ती. शायेन सहा हजार फुटांवर आहे, हवा विरळ, त्यामुळे दोन्ही आकडे इथे कमी भरतात. पण वारा मात्र दहा मैलांचा असला तर आम्ही त्याला शांत दिवस म्हणतो.

पुण्याचा_प्रेक्षक

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण विचारतोच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, धनगर लांडग्याच्या शेजारी राहतोच आहे. तुम्ही पाचशे यार्डांवरून प्राणी मारता, त्याला कळतही नाही. यात कसलं कसब? आणि मारून कायोटी कमी तरी झाले का?

माळरानी

कमी नाही झाले, खरं आहे. शतकभर विषं, सापळे, गोळ्या, आणि प्राणी उलट दोन्ही किनाऱ्यांपर्यंत पसरला. मी कायोटी संपवायला जात नाही, मेंढ्यांच्या त्या सहा आठवड्यांसाठी जातो. कातडीला भाव होता तेव्हा कातडीही विकायचो. कोट बनवणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करायची घोषणा केली तेव्हापासून तेही गेलं. पाचशे यार्डांवर जखमी करून सोडण्याची भीती मात्र मलाही आहे. रायफलीचा प्रश्न त्यातूनच आला.

नवा_एचवनबी

अवांतर: व्हिसावर असताना रायफल ठेवता येते का?

नाना टेक्सासकर

फेडरल कायद्यात वैध हंटिंग लायसन्स असलेल्याला सूट आहे. पण बाळा, राज्याचे नियम आणि वकील, दोन्ही आधी. इथल्या कोणाच्या भरवशावर नको.

गेज_आहे_का

इतकं भांडलात, पण माळरानीला सध्याची रायफल कुठली हे कोणी विचारलंच नाही.

माळरानी

सावेज ११०.

गेज_आहे_का

मग पाच हजार कशाला आणि बाराशे तरी कशाला! सावेजचं बॅरल नटावर बसतं. १९५८ पासून तीच रचना आहे. बॅरल पकडायचा व्हाइस, नट काढायचा पाना, गो आणि नो-गो गेज (चेंबरची खोली बरोबर आहे का ते तपासायची मापं) एवढं असलं की घरच्या बाकावर बॅरल बदलतं. १:८ चं तयार बॅरल चारशे-पाचशेत मिळतं. .२२-२५० मध्येच घेतलंस तर जड गोळ्या स्वतः भराव्या लागतील, दुकानात बहुतेक हलक्याच मिळतात. भरायचं नसेल तर .२२ क्रीडमूर काडतुसाचं बॅरल घे, होर्नाडी कंपनीची ८० ग्रेनची तयार काडतुसं येतात. बोल्टचं तोंड (काडतुसाचा बूड धरणारा भाग) दोन्हींना तेच. मॅगझीनमधून नीट चढतात का ते मात्र आधी बघ. आणि लक्षात ठेव, या तापट काडतुसांनी दीड-दोन हजार गोळ्यांत थ्रोट जळतो. बॅरल ही गाडीच्या टायरसारखी गोष्ट आहे, लेथवाल्यांचंही जळणारच.

लेथवाला

जळेल, पण सुंदर जळेल. नटाची रायफल हातात घेऊन बघ, मग बोलू.

माळरानी

काल रेंजवर नाही, कुरणातच गेलो. चारशे यार्डांवर सहा इंचांची लोखंडी प्लेट टांगली, बायपॉडवर (रायफलीच्या दोन पायांच्या टेकूवर) पालथा पडून वीस गोळ्या मारल्या. वारा नेहमीचा. सात लागल्या. हुकलेल्या तेरांपैकी अकरा डावीकडे किंवा उजवीकडे, वर-खाली फक्त दोन.

.२२ क्रीडमूरचं बॅरल मागवलंय. गेज कोणी उसने देईल का?

लेथवाला

माझे घेऊन जा. बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) काढून मग मोज, नाहीतर गेज नीट बसत नाही आणि माप खोटं येतं.