शब्द हवा आहे : ‘डेमोक्रॅटिक बॅकस्लायडिंग’

अनुवादवही :
एका लेखाचं भाषांतर करते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. निवडून आलेली सरकारंच लोकशाही आतून कशी मोडीत काढतात, हा विषय. ‘डेमोक्रॅटिक बॅकस्लायडिंग’, शब्दशः लोकशाहीचं मागे घसरणं, हा शब्द पानोपानी येतो. मी ‘लोकशाहीची घसरण’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘लोकशाहीचा ऱ्हास’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. घसरण म्हटलं की शेअर बाजार दिसतो. आज पडला, उद्या सावरेल. ऱ्हास म्हटलं की साम्राज्यं आठवतात, शंभर-दीडशे वर्षं चाललेलं काहीतरी. इथे सगळं दोन-तीन निवडणुकांत उरकतं.

दुसरा शब्द त्याहून अवघड, ‘एक्झिक्युटिव्ह अग्रँडाइझमेंट’. राज्यशास्त्राच्या अभ्यासक नॅन्सी बर्मिओ यांनी २०१६च्या एका लेखात तो वापरला. त्यांचं म्हणणं असं की रणगाडे रस्त्यावर आणून सत्ता बळकावणं आता कमी झालंय. त्याऐवजी मतदानाने आलेला प्रमुखच स्वतःवरचे अंकुश एकेक करून काढत जातो, तेही बहुतेक वेळा कायद्याच्या वाटेने. मी ‘कार्यकारी सत्तेचं केंद्रीकरण’ लिहिलंय, पण ‘केंद्रीकरण’ म्हटलं की आपला वाचक राज्यांकडून केंद्राकडे एवढंच समजतो. दोन्हींना शब्द सुचवा. लेख लवकर द्यायचा आहे.

धातुपाठ :
पहिल्याला ‘पीछेहाट’. सोपा, रुळलेला, आणि मूळ शब्दातलं ‘मागे’ त्यात आहेच.

पागोळी :
पीछेहाट फौजेची होते हो. समोरून रेटा येतो म्हणून मागे हटायचं. इथे समोर कोणी नाही; घरातलाच माणूस आतून कड्या काढतोय.

रेघोटी :
अडचण नामात नाही, क्रियापदात आहे असं मला वाटतं. घसरणे, ढासळणे, खालावणे, झिजणे ही सगळी अकर्मक. लोकशाही घसरली. कोणामुळे? वाक्यात त्याला जागाच नाही. पावसाने रस्ता निसरडा झाला आणि पाय घसरला, तसं वाटतं.

आता हंगेरी बघा. २०१०च्या निवडणुकीत, ज्यानंतर व्हिक्टर ओर्बान पंतप्रधान झाले, त्यांच्या आघाडीला साधारण ५३ टक्के मतं आणि ३८६पैकी २६३ जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना मंजूर झाली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७०वरून ६२वर आणलं गेलं. कोणाला अटक नाही, कोणावर आरोप नाही, एक आकडा बदलला आणि वरच्या फळीतले न्यायाधीश घरी गेले. नोव्हेंबर २०१२मध्ये युरोपीय न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव ठरवला, पण तोवर बऱ्याच खुर्च्यांवर दुसरी माणसं बसली होती. याला घसरण म्हणायचं? हे कोणीतरी बसून, मसुदा लिहून केलेलं काम आहे. म्हणून मी ‘पोखरणे’ म्हणेन. सकर्मक आहे, कर्ता मागतं.

धातुपाठ :
पटतंय, पण नाम काय करणार? ‘लोकशाहीची पोखरण’ छापलंत तर वाचक थेट १९९८च्या अणुचाचणीत जाईल.

रेघोटी :
नाम नकोच. इंग्रजीला प्रत्येक गोष्टीचं नाम करायची सवय आहे, म्हणून मराठीनेही करायचं का? ‘लोकशाही पोखरली जाते तेव्हा’ असं वाक्यच लिहा.

अनुवादवही :
मथळ्यात, तक्त्यात, तळटिपेत वाक्य कसं घालू? पारिभाषिक शब्द म्हणून नाम लागतंच.

पागोळी :
‘पोखरणे’ला माझं मत. भिंतीतल्या जुन्या कपाटाची चौकट आम्ही दर दिवाळीला रंगवायचो. एकदा खिळा ठोकायला गेले, सहज अंगठा टेकवला आणि तो पेराएवढा आत गेला. वर रंगाचा पापुद्रा अखंड, आत नुसता भुसा. चौकट चौकटीसारखीच दिसत होती, दारही लागत होतं. निवडणुका होतात, संसद भरते, न्यायालयाला सुट्ट्या लागतात, सगळं जागच्या जागी. बाहेरून बघणाऱ्याला म्हणूनच पटवता येत नाही.

पायाशुद्ध :
मूळ शब्दाचंही आधी बघा. ‘लोकशाही’तला ‘शाही’ फारसी, शाह म्हणजे राजा. आदिलशाही, निजामशाही, त्याच रांगेत लोकशाही! राजाच काढून टाकणाऱ्या व्यवस्थेला राजाचा प्रत्यय. ‘लोकतंत्र’ म्हणा, म्हणजे ‘तंत्रभंग’, ‘तंत्रलोप’ असे सरळ शब्द मिळतील. आणि ‘कार्यकारी’च्या जागी ‘कार्यपालिका’.

धातुपाठ :
ते हिंदीतलं आहे, शुद्ध मराठी नव्हे. आपण शाळेत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ शिकलो. आता बातम्यांत कार्यपालिका आणि न्यायपालिका ऐकू येतात ते हिंदीवरून उतरवलेले. फारसी काढायचं आणि हिंदीतून संस्कृत आणायचं, याला शुद्धी कशी म्हणू?

पायाशुद्ध :
शिवाजी महाराजांनी पेशव्याला पंतप्रधान केलं, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत. तेव्हा जमलं ते आता का नाही जमणार?

धातुपाठ :
आणि पुढे शंभर वर्षं लोक पेशवेच म्हणत राहिले. ‘पंतप्रधान’ टिकला खरा, पण आज तो वेगळ्याच पदाचा शब्द आहे. शब्द रुजतो तो वापराने. ‘शाही’चंही तसंच. नोकरशाहीत कोणी शाह नाही, झुंडशाहीतही नाही. मराठीत ‘शाही’चा अर्थ आता ‘अमक्याचा अंमल’ एवढाच उरलाय. लोकांचा अंमल. मला तो जड वाटत नाही, उलट त्यात हक्क ऐकू येतो.

उपान्त्य :
दुसऱ्या शब्दाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. अशाच एका शब्दाने मला दोन दिवस छळलं होतं. पेरूमध्ये ५ एप्रिल १९९२ला अध्यक्ष फुजिमोरी यांनी लष्कराच्या पाठिंब्याने काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बरखास्त केली, न्यायव्यवस्थेवरही हात टाकला. स्पॅनिशमध्ये त्याला ‘ऑटोगोल्पे’ म्हणतात, स्वतःच केलेला सत्तेचा घाव. मी ‘सत्तापालट’ लिहिलं आणि थांबलो. पालट कुठे झाला? सत्ता त्याच माणसाकडे होती, त्याच्याकडेच राहिली, फक्त तिच्यावरची झाकणं गेली. ‘बंड’ लिहावं तर बंड खालचा वरच्याविरुद्ध करतो. ‘उठाव’ही खालूनच होतो, शब्दातच ‘उठणं’ आहे. वरच्याने खालच्या नियमांविरुद्ध केलेल्या बंडाला मराठीत शब्द नाही. शेवटी ‘घटनाघात’ लिहिलं.

रेघोटी :
‘घटनाघात’ फार चांगला आहे.

पायाशुद्ध :
‘घटना’ म्हणजे प्रसंगसुद्धा. अपघाताची बातमी वाटेल. ‘संविधानघात’ म्हणा.

उपान्त्य :
‘उठाव’वरून आठवलं. २५ जून १९७५ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाखाली जाहीर झाली. अशांतता हा शब्द केवढा सैल! मोर्चा निघाला तरी अशांतता. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने तो काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातला. एका शब्दाने सत्तेचं दार अर्धं लोटून घेतलं. म्हणून आपण इथे कीस काढतोय तो मला वायफळ वाटत नाही.

सावकाश :
‘बॅकस्लायडिंग’ मुळात धर्मातला शब्द. इंग्रजी बायबलात, यिर्मयाच्या पुस्तकात, देवाला सोडून मागे फिरलेल्या इस्राएलसाठी तो येतो. म्हणजे व्रत घेतलेला माणूस व्रतावरून ढळतो, हा त्यातला जीव. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे : भ्रष्ट. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट बघा, वाटेवर होता, चालत होता, आणि ढळला. ‘लोकशाहीभ्रंश’ का नको?

पागोळी :
‘भ्रष्ट’ आता फक्त पैसे खाणाऱ्याला लावतात. त्यातून तो अर्थ कसा बाहेर काढणार?

सावकाश :
‘भ्रष्ट’ नको, ‘भ्रंश’ घ्या. स्मृतिभ्रंश रोजच्या बोलण्यात आहे, पैशाचा वासही नाही त्याला. माझ्या वडिलांना तो झाला तेव्हा एका दिवसात काही गेलं नाही. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्याचं नाव, मग माझं. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, वय झालंय, होतं असं.

रेघोटी :
सावकाश, हे वाचून थांबले. तरीही माझी हरकत तीच आहे. स्मृतिभ्रंशात कोणाचा हात नसतो, इथे असतो. पोलंडचंच घ्या. मार्च २०१६मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. सरकारने तो रद्द केला नाही, अपील केलं नाही, राजपत्रात छापलाच नाही, आणि छापल्याशिवाय निकाल लागू होत नाही. न छापण्यालाही कर्ता असतो.

धातुपाठ :
मग ‘धूप’ कशी वाटते? जमिनीची धूप होते तशी लोकशाहीची धूप. नाम आहे, हळूहळू आहे, वरचा सुपीक थर आधी जातो. आणि धूप थांबवता येते, बांध घालून. पोखरलेल्या लाकडाला पुन्हा जीव येत नाही. त्याच पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ला ७४ टक्क्यांवर मतदान झालं आणि त्या सरकारचं बहुमत गेलं. आशेला जागा ठेवणारा शब्द हवा.

पायाशुद्ध :
धूप म्हटलं की देवघर आठवतं.

अनुवादवही :
‘धूप’ तक्त्यात बसेल, मजकुरात रेघोटी म्हणतात तसं ‘पोखरणे’ घालीन. संपादकांना विचारते. पण ‘अग्रँडाइझमेंट’ राहिलाच. तुर्कस्तानचं उदाहरण तिथेच येतं : २०१७च्या सार्वमतात घटनादुरुस्तीच्या बाजूने ५१ टक्क्यांच्या थोड्या वर मतं पडली आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान हे पदच संपलं, सगळं अध्यक्षांकडे गेलं. ‘सत्तासंचय’ चालेल का?

उपान्त्य :
संचय धान्याचा, पुण्याचा. त्यात कष्टाने साठवल्याचा भाव आहे. इथे दुसऱ्याचं काढून घेतलंय.

पागोळी :
धातुपाठ, बांधाचं मात्र मला पटलं नाही. पोलंडमध्ये सरकार बदललं, पण आधीच्यांनी न्यायाधिकरणात बसवलेले न्यायाधीश खुर्चीवरच होते, आणि नव्या सरकारच्या सुधारणा अध्यक्ष डुडा अडवत होते. तुम्ही बांध कुठे घालणार? चौकट काढून नवीच बसवावी लागते, आणि ती काढताना भिंतही थोडी फुटते.

धातुपाठ :
भिंत फोडूनच काढायची, तर आधीच्यांनी काय वेगळं केलं होतं?