यॉडलिंग: पंचमावरून तार गंधारावर जाताना आवाज फाटतो

फोंडेकर
चवथीच्या ऑर्केस्ट्रात किशोरकुमारांच्या धर्तीचं यॉडलिंग (छातीच्या आवाजातून वरच्या पातळ आवाजात झटकन उडी) घ्यायचं आहे. पट्टी पांढरी एक (म्हणजे सा = C), पुरुषी आवाज, तालीम नाट्यसंगीताची. वर जाताना मींड लागते, म्हणजे स्वर घसरत जातो. ती टाळायला जोर लावला की आवाज फाटतो. काय करावं?

सूरपेटी
जोर काढा, बाकीचं नंतर. छातीच्या आवाजात स्वरतंतू जाड राहून पूर्ण मिटतात. फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ आवाजात, ते ताणले जाऊन पातळ होतात आणि नुसत्या कडा थरथरतात. या दोहोंतला सांधा लपवायला आपल्याला शिकवतात. यॉडलमध्ये तो सांधाच तर ऐकवायचा असतो! जोर लावला की तंतू जाडच राहतात, छातीतून फॉल्सेटोत पलटी होत नाही आणि आवाज मध्येच चिरतो.

पांढरी एकमध्ये पुरुषाचा सांधा साधारण तार रे ते तार म यांच्या दरम्यान येतो, म्हणून प ते तार ग ही उडी सोयीची. पंचमावर भरीव ‘ओ’ दोन मात्रा, मग तार गंधारावर अगदी हलका ‘ई’ किंवा ‘ऊ’. ‘आ’ वर नेऊ नका, तो छातीचा आवाज सोबत ओढून नेतो. लय मिनिटाला ६० मात्रा. दहा वेळा स्वच्छ लागलं तरच वाढवा. रोज दहा मिनिटं पुरे. घसा खवखवला की त्या दिवशी बंद.

फोंडेकर
वर जाणं जमलं. उतरताना मात्र ‘ई-हो’ होतं, मध्ये हवा सुटते.

सूरपेटी
वरचा स्वर श्वास सांडत लागतोय. ‘ई’ बारीक पण घट्ट घ्या आणि उतरताना ‘यो’ म्हणा. ‘य’मुळे ‘ह’ला जागा उरत नाही. नंतर ‘यो-ड-ले-ई’, त्यातला ‘ई’ तेवढा वर. घुमटाच्या (मातीच्या तालवाद्याच्या) साथीच्या आरत्या टिपेला गाऊन आल्यावर सराव नको, सुजलेले तंतू पलटत नाहीत.

मडगावचा माइकवाला
छातीचा स्वर मोठा, वरचा लहान. ‘ओ’ला माइक चार बोटं लांब, ‘ई’ला जवळ. कॉम्प्रेसर जास्त लावला तर दोन्ही सारखे होऊन सगळी गंमत जाते. इको थोडाच, नाहीतर पुढचा स्वर मागच्यावर चढतो.

तीव्र मध्यम
जरा विषयांतर. किशोरकुमारांची जातकुळी अमेरिकन कंट्री गाण्याची. तिथला गायक जिमी रॉजर्स याचं पहिलं ‘ब्लू यॉडल’ १९२७ साली ध्वनिमुद्रित झालं. तिथे यॉडल गाण्याच्या ओळींमागे शेपटासारखं येतं. स्वित्झर्लंडच्या ‘नाटुरयॉडल’मध्ये शब्दच नसतात. त्यातल्या काही जुन्या चालींत मध्यम शुद्ध आणि तीव्र यांच्या अधेमधे लागतो, कारण आल्पहॉर्न या लांब लाकडी शिंगाच्या अकराव्या स्वयंभू (हार्मोनिक) स्वराची ती जागा. पेटीवर शोधू नका, सापडणार नाही. तंबोऱ्याशी लावून बघा. ऑर्केस्ट्रात मात्र तो घेऊ नका, कीबोर्डशी भांडेल.