मदत हवी आहे: मेलबर्नहून आई-बाबांना घेऊन चार दिवस निवांत राहायला कुठलं गाव?

मंडळी, फेब्रुवारीच्या मध्यात आई-बाबा सांगलीहून येतायत. तोवर इथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, म्हणजे समुद्रकाठची गर्दी ओसरलेली असेल असा हिशोब. मागच्या खेपेला त्यांना ग्रेट ओशन रोडवरचे ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रातले खडकांचे सुळके, एका दिवसात दाखवून आणले. बसून बसून बाबांची कंबर धरली आणि आईला त्या वळणांच्या रस्त्याने पार हैराण केलं. या वेळी दोघांचं म्हणणं एकच: "काही दाखवू नका, कुठेतरी नेऊन ठेवा."

बाबांचे गुडघे दुखतात. चढ नको, पण रस्ता सपाट असला की सकाळ-संध्याकाळ आरामात चालतात. आई अंडंही खात नाही, त्यामुळे स्वयंपाकघर असलेलं केबिन किंवा घरच घेणार. रोज गाडी काढायची नाही आणि दूध-भाजी चालत जाऊन आणता यावी.

डोक्यात तीन नावं आहेत. पोर्ट फेअरी, पण ते जवळजवळ २९० किलोमीटर. डेल्सफर्ड, दीड-पावणेदोन तासांत पोचता येतं. आणि गिप्सलँडमधलं पेन्सविल, कारण ऑफिसातली एक मैत्रीण तिथल्या कोआलांबद्दल थांबतच नाही. नवऱ्याला ब्राइट हवंय, पण त्याची खरी मजा एप्रिल-मेमध्ये पानं लाल-पिवळी होतात तेव्हा, असं ऐकते. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, जाण्यात अर्थ आहे का? वयस्कर माणसांना घेऊन राहिलेल्यांनी सांगा प्लीज. फोटो पाहून सगळीच गावं छान दिसतात.

प्रतिसाद १
पोर्ट फेअरी, डोळे झाकून. फक्त ग्रेट ओशन रोडने जाऊ नका. जिलाँग, कोलॅक, कॅम्परडाउन करत आतल्या प्रिन्सेस हायवेने सरळ जा, म्हणजे आईंना त्रास होणार नाही. गाडीत इतका वेळ बसवत नसेल तर मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून वॉर्नम्बूलपर्यंत व्ही-लाइनची (व्हिक्टोरिया राज्यातली रेल्वेसेवा) ट्रेन आहे, पुढे बस. मार्च २०२३ पासून व्ही-लाइनचं दिवसाचं भाडं मेलबर्न शहराच्या दिवसाच्या भाड्याइतकंच ठेवलंय, त्यामुळे खिशालाही जड नाही. बाबांना डब्यात उठून चार पावलं चालता येतील हा फायदा वेगळाच.

गाव सपाट आहे. मॉइन नदीच्या धक्क्यावर होड्या लागलेल्या असतात, बाकं आहेत, बाबा तिथेच रमतील. नदीच्या तोंडाशी ग्रिफिथ्स बेट, छोट्या पुलावरून चालत जाता येतं. पूर्ण फेरी साधारण तासाभराची, टोकाला १८५९ सालचं दीपगृह. बेटावर शेअरवॉटर पक्ष्यांची वसाहत आहे. फेब्रुवारीत बिळांत पिल्लं असतात आणि दिवसभर समुद्रावर गेलेले आई-बाप अंधार पडताना परततात. पायवाट सोडू नका, बिळं कोसळतात.

गाडी असेल तर एका सकाळी टॉवर हिल करा. निद्रिस्त ज्वालामुखीचं मुख, आत तळं, आणि पिकनिकच्या टेबलाशी इमू निर्धास्त फिरतात. डबा सांभाळा.

एक सांगून ठेवते, हा कोकणातला समुद्र नव्हे. भर उन्हाळ्यातही पाणी गार आणि वारा बोचरा. स्वेटर घ्याच.

प्रतिसाद २
गुडघ्यांचा विचार करता माझं मत पेन्सविलला. समोरच्या रेमंड बेटावर जाणारी फेरीबोट पायी जाणाऱ्यांना फुकट, काही मिनिटांत पलीकडे. तिथे लोकांच्या घरांसमोरच्या झाडांवर कोआला झोपलेले असतात, मान वर करून चालायचं एवढंच काम. पाणी तळ्याचं, त्यामुळे लाटांचा दंगा नाही. मात्र तुमच्या आई-बाबांना लाटा बघायच्याच असतील तर नाइन्टी माइल बीचसाठी गाडी काढावी लागेल.

प्रतिसाद ३
डेल्सफर्ड नको म्हणेन. गाव देखणं आहे, तळ्याकाठची वाटही चांगली, हेपबर्नच्या झऱ्यांचं खनिज पाणी हातपंपाने फुकट भरून घेता येतं (चव मात्र लोखंडाची, आईंनी एका घोटात तोंड वाकडं केलं तर मला बोलू नका). पण मुख्य रस्त्यालाच चढ आहे आणि शनिवार-रविवारचे दर ऐकून बाबा रुपयांत गुणाकार करत बसतील. शिवाय फेब्रुवारी म्हणजे वणव्यांचा काळ. डेल्सफर्ड काय नि ब्राइट काय, दोन्हीकडे जंगल अंगाशी. तिकडे जाणारच असाल तर वणव्याचे इशारे देणारं विक-इमर्जन्सी ॲप फोनवर हवं आणि उत्तरेचा गरम वारा सुटेल त्या दिवशी बेत बदलायची तयारी हवी.

कुठेही गेलात तरी दोन गोष्टी. छोट्या गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, रात्री नऊला जेवायला बाहेर पडायची आपली सवय तिथे चालत नाही. आणि केबिनमध्ये फोडणी टाकण्याआधी खिडकी उघडा, स्मोक अलार्म मोहरीला ओळखत नाही.

धागाकर्ती
खूप आभार! बाबांना ट्रेनचं सांगितल्याबरोबर त्यांनी पोर्ट फेअरी पक्कं करून टाकलं. म्हणजे आम्ही दोघं गाडीने सामान घेऊन पुढे जाऊ, ते दोघं खिडकीत बसून येतील. पेन्सविल पुढच्या खेपेला. मार्चमधल्या लेबर डेला पोर्ट फेअरीत फोक फेस्टिव्हल असतो, तेव्हा त्याच्या आधीच परतायचं ठरवलंय.

आता एकच शंका. फेब्रुवारीच्या मध्यात तिथे सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, मग पक्षी बघायला बेटावर नेमकं किती वाजता जायचं? अंधारात परतताना बाबांच्या पायांना वाट झेपेल का, आणि त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेलेली चालते का?