मदत हवी आहे: न्यूझीलंडला शिकार आणि मासेमारी, लायसन्सचा घोळ, निघायला १२ दिवस

ट्राऊटची_ओढ
मंडळी, तातडीने सांगा. मी आणि बायको न्यूझीलंडला निघतोय, दहा दिवस, एकाला मासे आणि एकाला हरीण. तिकिटं, व्हिसा सगळं झालंय. मासेमारीचं, फिश अँड गेम या संस्थेचं लायसन्स ऑनलाइन काढलं, दोघांचं, पैसे भरले, आणि काल जिथे उतरणार त्या घरमालकीणबाईंचा मेल आला की हे आमच्या नदीत चालत नाही. असं कसं? देश एकच ना? दुसरं, बंदुकीचं लायसन्स आमच्यापैकी कोणाकडेच नाही, तर तिथे बंदूक चालवता येते का? आणि वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक पँट आणि बूट) इथून न्यावेत का? दोन वर्षं पैसे साठवलेत यासाठी, 'एजंटला विचारा' एवढं कृपया सांगू नका.

हॅमिल्टनकर
कुठली नदी? कुठलं बेट, उत्तर की दक्षिण? महिना कुठला? सोबत गाईड आहे का? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार दादा.

सह्यकडा
व्हेज असाल तर ऑकलंडला भारतीय जेवण भरपूर मिळतं, काळजी नको. थेपले नेत असाल तर तेही विमानतळावर डिक्लेअर करा.

मालवणी_गरी
वेडर कशाक? मी देवगडला चाळीस वर्षं गरवतोय, हाफ पँट आणि गरीला ताजी कोळंबी, बस. तिकडेही कोळंबी मिळत असेलच की, ट्राऊट काय वेगळा खातो?

ट्राऊटची_ओढ
सॉरी, घाईत राहिलं. तुरंगी, टोंगारिरो नदी, एप्रिलचा दुसरा पंधरवडा. शिकारीचे दोन दिवस गाईड आहे, मासेमारीला नाही.

हॅमिल्टनकर
मग तुमच्या घरमालकीणबाई बरोबर आहेत. फिश अँड गेमचं लायसन्स जवळजवळ सगळ्या देशात चालतं, फक्त टाउपो भागात नाही. टाउपो तलाव आणि त्याला मिळणाऱ्या नद्या, त्यात तुमची टोंगारिरोही आली, डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन, म्हणजे डॉक, बघतं, त्यांचं लायसन्स वेगळं. त्यांच्या साइटवर दहा मिनिटांत निघतं, आजच काढा. आधीचे पैसेही वाया नाहीत, टाउपो गावापासून रोटोरुआ साधारण ८० किमी, तिथल्या तलावांवर तेच चालतं. एक दिवस तिकडे ठेवा.
गरीकाका, टोंगारिरोवर फक्त फ्लाय, म्हणजे गरीवर बांधलेला नकली किडा, कोळंबी लावली तर दंड होईल. एप्रिलमध्ये ब्राऊन ट्राऊट चढलेले असतात, रेनबोचा मोठा लोंढा जून ते सप्टेंबर. पाऊस पडून पाणी जरा गढूळ झालं की समजायचं आज मासा वर सरकणार. जड निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) तळाला घासत गेली पाहिजे, दोरा मध्येच अडखळला की दगड आहे असं समजून सोडून देऊ नका, लगेच काठी उचला. मी पहिल्या वर्षी असे कितीतरी मासे दगड समजून घालवले.

टारवेडा
तुरंगी कशाला? दक्षिणेत जा, टार मारा! आपल्याच हिमालयातला रानबोकडासारखा प्राणी, १९०४ साली माउंट कुकजवळ सोडलेला, आता बर्फातल्या कड्यांवर कळप आहेत. एवढ्या लांब जाऊन जंगलातलं हरीण काय मारायचं. माझं ऐकाल तर बुकिंग बदला.

हॅमिल्टनकर
१२ दिवस राहिलेत, बुकिंग काय बदला? आणि टारचा माज मे-जूनमध्ये, तेव्हा नराची आयाळ भरते. शिवाय कड्यावर चढायची सवय लागते. तुरंगीजवळच्या कायमानावा डोंगरातलं सिका हरीण एप्रिलमध्येच माजावर येऊन ओरडतं, त्यांनी महिना अगदी योग्य निवडलाय.

अनघा_वाई
मला हे वाचून वाईट वाटलं. एवढे पैसे साठवून जीव घ्यायला जायचं? डोंगर बघा, नदी बघा, परत या.

हॅमिल्टनकर
ताई, तुमची भावना समजते. पण या देशात जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. लाल हरीण, सिका, टार सगळे माणसांनी आणून सोडलेले, मनावतूमध्ये तर लंकेहून आणलेलं सांबरसुद्धा आहे. ते जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, जुनी झाडं पडली की जागा भरायला नवीन उरत नाहीत. म्हणून सरकारच शिकारीला परवाने देतं. आणि मटण फ्रीजरमध्ये जातं, वाया नाही.

अनघा_वाई
आणले माणसांनीच आणि शिक्षा हरणाला. मला पटत नाही, पण धागा भरकटवत नाही.

टारवेडा
बंदुकीचं उत्तर राहिलं. व्हिजिटर लायसन्स पोलिसांकडून काढावं लागतं, ते आधीपासून करायची गोष्ट, १२ दिवसांत विसरा. साहेब, तुम्ही नेम कधी धरलाय का? आणि वहिनी मासे पकडत असतील तर त्यांना वेडर लहान मापाचे बघा.

ट्राऊटची_ओढ_यांची_सौ
नमस्कार, उलटं आहे. मासे ते पकडणार, हरीण मी. माहेर कोल्हापूर, कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल, नंतर सहा वर्षं रेंजवर. पण रेंज सोडून गोळी कधी झाडलेली नाही आणि मला तीच धाकधूक आहे. लायसन्स नसेल तर मी नुसती बघत बसायचं का?

हॅमिल्टनकर
नाही ताई. लायसन्सवाला माणूस हात पोचेल इतक्या जवळ राहून लक्ष ठेवत असेल तर बिनलायसन्सच्या माणसाला साधी रायफल चालवता येते. गाईड तेच करतो, पण त्यांना आजच मेल करून लेखी विचारून घ्या.
धाकधूक आहे ते चांगलं आहे. रेंजवर टार्गेट हलत नाही आणि मागे कोणी उभं नसतं. एप्रिलमध्ये नर ओरडतात आणि शिकारी त्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांना बोलावतात. म्हणजे झाडीतून येणारा आवाज हरणाचा असेल किंवा तुमच्यासारख्याच माणसाचा. लोक मेलेत असे, मित्राच्या गोळीने. आवाज, रंग, हललेली फांदी, यावर कधीच नाही. डोकं, मान, खांदा, पाय, अख्खा प्राणी दिसेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मी एकदा वीस मिनिटं दुर्बिणीतून एक तपकिरी पट्टा बघत बसलो, शेवटी तो पट्टा उठून उभा राहिला आणि त्याने पाठीवर सॅक अडकवली. तेव्हापासून भडक केशरी जॅकेटशिवाय मी आत शिरत नाही.

ट्राऊटची_ओढ_यांची_सौ
वाचून अंगावर काटा आला. लिहून ठेवलं. शिंगं घरी आणता येतील का?

टारवेडा
आणा की, बॅगेत गुंडाळून.

हॅमिल्टनकर
अजिबात नको. भारतातली आयातीची परवानगी आधी हातात नसेल तर शिंगं, कातडी, मटण काही आणू नका. फोटो काढा.
वेडर: बुटाच्या तळाला नमदा (फेल्ट) असेल तर इथे न्यूझीलंडमध्ये बंदी आहे. दक्षिणेत २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, नमदा ओला राहतो आणि ते एका नदीतून दुसरीकडे नेतो. तुरंगीत भाड्याने घ्या. ट्रेकिंगचे बूट आणत असाल तर तळातली सह्याद्रीची माती जुन्या टूथब्रशने काढा, खाचाखाचांतून, आणि देशात शिरतानाच्या डिक्लेरेशनमध्ये 'हो' लिहा. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

मालवणी_गरी
मासो विकता येता काय तिकडे? दोन जास्त मिळाले तर?

हॅमिल्टनकर
ट्राऊट विकायला कायद्याने बंदी आहे काका. हॉटेलातही मिळत नाही, स्वतः पकडायचा नाहीतर कोणी द्यायचा.

ट्राऊटची_ओढ
डॉकचं लायसन्स काढलं, दोघांचं. गाईडचं उत्तर आलं, सौ. त्यांच्या देखरेखीखाली रायफल चालवू शकते, आधी अर्धा दिवस टार्गेटवर सराव घेणार म्हणाले. माझे बूट आत्ता उलटे करून बघितले, तळाला नमदाच आहे, इथेच ठेवतोय. हॅमिल्टनकर, जड निंफ म्हणजे किती जड आणि दोरा किती लांब ठेवायचा? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.