सॉफ्टवेअरमधला बदल आधी मुंबईच्या सर्व्हरवर, मग हैदराबादच्या. की दोन्हीकडे एकाच रात्री?

तापीकाठ (भुसावळ)
मी भुसावळला घरून काम करतो. आमच्या कंपनीचं काटापट्टीचं सॉफ्टवेअर सावदा, रावेर, यावलचे केळीचे व्यापारी वापरतात. क्लाउडवर ते दोन ठिकाणी चालतं, मुंबई आणि हैदराबाद. गेल्या महिन्यात रात्री अकराला दोन्हीकडे एकदम बदल टाकला आणि झोपलो. सकाळी साडेसातला सावद्याच्या काट्यावरून फोन: "भो, भरेल गाडी १६ टन, रिकामी ६ टन, अन् पट्टीवर माल ४ टन!" रिकाम्या गाडीचं वजन दोनदा वजा होत होतं. कापलेली केळी थांबत नाही. शेतकरी काट्यापाशी उभा, मागे गाड्यांची रांग, आणि घोटाळा दोन्हीकडे तोच, त्यामुळे काम वळवायला जागाच नाही. सगळं मागे घ्यायला ४० मिनिटं गेली. तोवर पट्ट्या हाताने.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षेच्या कंपनीने सदोष अपडेट सगळीकडे एकदम सोडलं. ७८ मिनिटांत मागे घेतलं, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अशी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडू, असं त्यांनी त्यानंतर जाहीर केलं. माझं म्हणणं एवढंच: आधी एक सर्व्हर, मग मुंबई, काट्यांची पूर्ण एक दिवसाची वर्दळ बघायची, आणि मगच हैदराबाद.

कापूसवाला (धुळे)
भाऊ, त्रास समजतो, उपाय पटत नाही. एकीकडे नवं, दुसरीकडे जुनं, याचीच मला जास्त भीती वाटते. अमेरिकेतली शेअर दलाली करणारी नाइट कॅपिटल आठवा. १ ऑगस्ट २०१२, आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठवा राहून गेला. त्या एकावर वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

आमचं सॉफ्टवेअर जिनिंगच्या हिशोबाचं. एकदा दोन दिवस मुंबई नवं, हैदराबाद जुनं असं ठेवलं. नव्यात पावती क्रमांकाला वर्ष जोडलं होतं, जुन्याला ते वाचताच येईना. ऐन कापसाच्या हंगामात तीनशे पावत्या आम्ही दोघांनी बसून जुळवल्या. एका शेतकऱ्याचे पैसे चार दिवस अडकले, तो रोज येऊन दारात बसायचा. टीम पाच जणांची आहे. एक रात्र, सगळे जागे, दोन्हीकडे टाका आणि मोकळे व्हा.

तापीकाठ (भुसावळ)
एकाच रात्री टाकलं तरी दोन आवृत्त्या एकत्र नांदतातच. सर्व्हर एकेक करून बदलतो, ती पाच-दहा मिनिटं टळणार कशी? तुमच्या पावत्यांचं दुखणं दोन दिवसांत नव्हतं, क्रमात होतं. आधी दोन्हीकडे नवा क्रमांक फक्त वाचता यावा एवढाच बदल जायला हवा होता. तो बसला की मग नवा क्रमांक लिहायला सुरुवात. जुन्या क्रमांकाचा कॉलम काढायचा सगळ्यात शेवटी.

कापूसवाला (धुळे)
म्हणजे एका कामाला तीन रिलीज. तेही करू, पण मधला अर्धवट टप्पा महिनोन्‌महिने तसाच राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साफ करायला परत कोणी जात नाही. नाइट कॅपिटलचा तो कोडही वर्षानुवर्षं पडून होता.

मिरची_नंदुरबार
तापीकाठ भाऊ, त्या रात्री बदललं काय होतं? कोड की सेटिंग? विचारायचं कारण, १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड जगभर अडखळलं. त्यामागचा कोड २९ मेपासून एकेक रीजन (एका भागातली डेटा सेंटरं) करत नीट गेला होता. त्यातला चुकीचा भाग चालायची वेळच आली नाही, म्हणून कुठे काही दिसलं नाही. मग रिकामे रकाने असलेली एक पॉलिसी, म्हणजे नियमांची नोंद, टाकली गेली, ती काही सेकंदांत सगळ्या रीजनमध्ये पोहोचली आणि तो भाग सगळीकडे एकदम कोसळला. टप्पे कोडला होते, डेटाला नव्हते.

तापीकाठ (भुसावळ)
सेटिंगच होतं. काही काटे भरलेल्या गाडीचं वजन पाठवतात, काही रिकामं आधीच वजा करून. 'रिकामं वजा करा' हे आम्ही सरसकट सगळ्या काट्यांना चालू केलं. आणि सेटिंगचं टेबल दोन्हीकडे लगेच उतरतं. म्हणजे मी वर सांगितलेल्या क्रमानेही सावद्याची ती सकाळ टळली नसती. हे मान्य करतो.

रावेर_शिवार
मी केळीवाला. डेटा सेंटर मुंबईला की हैदराबादला, त्याने मला फरक पडत नाही. पट्टीवर जे लिहिलं त्याचे मला पैसे मिळतात. बदल टाकणार असाल तर काटेवाल्याला आदल्या दिवशी सांगा. पहिल्या दोन गाड्यांचं वजन तो हाताने पडताळेल. त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. माझी गाडी रांगेत तिसरी होती.

कापूसवाला (धुळे)
सेटिंग एका काट्यापासून सुरू करायचं, हे सोळा आणे पटलं. कोड मात्र मी दोन्हीकडे एकाच दिवशी टाकणार. फक्त आता रात्री नाही, सकाळी अकराला, टीम समोर असताना. आणि शुक्रवारी कधीच नाही.

तापीकाठ (भुसावळ)
कोडवर आपलं जुळायचं नाही, मी मुंबईला एक दिवस देणारच. रावेर_शिवार, पुढचा बदल मंगळवारी आहे, सुरुवात सावद्याच्या त्याच काट्यापासून. काटेवाल्याला आत्ताच फोन केला. पहिल्या तीन गाड्या हाताने पडताळून घेतो म्हणाला.